तोच जंतू की दुसरा

लोकांचा बेडका दिवसभर बघून आल्यावर तुला जेवण कसं जातं, असं माझी नणंद मला लग्न झाल्यापासून विचारत आली. जातं. दुपारी डबा उघडला की भूक लागलेली असते आणि पोळीभाजी खाल्ली जाते, याहून त्यात काही नाही. नव्वदच्या दशकात मी पेणला एका ट्रस्टच्या क्षयरोग दवाखान्यात लॅब टेक्निशियन होते. तो दवाखाना आता बंद झाला. राहायला आम्ही रोह्याला, नदीपलीकडे अष्टमीत. नवरा कंपनीत शिफ्टला, मुलगी शाळेत. सकाळच्या पॅसेंजरने पेणला जायचं आणि संध्याकाळी मिळेल त्या एसटीने नाहीतर रेल्वेने परत यायचं. पहिली काही वर्षं नोकरीचं कौतुक होतं. मग ते कधी संपलं ते कळलं नाही.

काम एकसुरी होतं. पेशंटने डबीत आणलेला बेडका काचेच्या पट्टीवर पसरायचा, वाळवायचा, वर लाल रंग ओतून खालून स्पिरिटचा दिवा फिरवायचा. वाफ निघाली पाहिजे पण रंग उकळता कामा नये. मग आम्लाने धुवायचं, वर निळा रंग द्यायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायचं. निळ्या पसाऱ्यात लाल काड्या दिसल्या की टीबी. किती दिसल्या त्यावरून रिपोर्टात एक, दोन किंवा तीन अधिकची चिन्हं. एका पट्टीला चांगली पंधरा मिनिटं लागत. दिवसाच्या शेवटी डोळे मिटले तरी निळं दिसायचं.

त्या काळात पेशंटला महिन्याच्या गोळ्या एकदम बांधून देत. समोर बसवून गोळी गिळायला लावायची पद्धत आमच्याकडे नंतर आली. त्यामुळे दोन महिन्यांत बरं वाटलं की कितीतरी लोक गोळ्या सोडून देत, आणि वर्षा-दीड वर्षाने परत खोकत येत. त्यांना विचारलं तर प्रत्येक जण शपथेवर सांगायचा की एकही गोळी चुकवली नाही. आम्ही ऐकून घ्यायचो. विश्वास ठेवायचं मी कधीच सोडून दिलं होतं.

अशात मुंबईहून एक मॅडम यायला लागल्या. माझ्याहून चार-पाच वर्षांनी लहान असतील. त्यांचं पीएचडीचं काम चाललं होतं. त्यांना आमच्याकडच्या प्रत्येक नव्या पेशंटचा नमुना हवा होता. झाकणाच्या बाटल्या, बर्फाचा थर्मास आणि चिकटवायची लेबलं त्या घेऊन यायच्या. नमुने गोळा करून ठेवायचं काम माझ्याकडे आलं. त्याचे जादा पैसे वगैरे काही नव्हते. आमच्या डॉक्टरांनी हो म्हटलं आणि ते माझं काम झालं.

"याचं तुम्ही करता काय?" मी एकदा विचारलं.

"वाढवतो," त्या म्हणाल्या. "अंड्याच्या बलकाचं खाद्य करून त्यावर जंतू वाढवायचे. दीड-दोन महिने लागतात. फार आळशी जंतू आहे हा. मग त्याची जनुकं बाहेर काढून तुकडे करायचे आणि एकाची दुसऱ्याशी तुलना करायची."

"पण टीबीचा जंतू सगळीकडे एकच ना?"

"दिसायला एकच. आतून थोडा थोडा वेगळा. काही माणसाला वर्षानुवर्षं रेंगाळत ठेवतात, काही सहा महिन्यांत फुप्फुस पोखरतात. का, ते शोधायचंय."

मला त्यात फार रस वाटला नाही. माझ्यासाठी ती चिकटवायची आणखी वीस लेबलं होती.

त्याच हिवाळ्यात तो पेशंट पहिल्यांदा आला. पेणच्या खाडीकडच्या गावातला मिठागरावरचा माणूस, चाळीस-बेचाळीस वर्षांचा. पायांना मिठाने पडलेल्या भेगा. बायको बरोबर होती. बेडक्यात जंतू निघाले, फार नव्हते. त्याचा एक नमुना नेहमीप्रमाणे मॅडमच्या बाटलीत गेला, आणि त्याच्या गोळ्या सुरू झाल्या. मी त्याला सगळ्यांना सांगायचे तेच सांगितलं: लाल गोळीने लघवी लाल होईल, घाबरायचं नाही, आणि बरं वाटलं तरी सोडायचं नाही.

तो दर महिन्याला ठरलेल्या मंगळवारी येत गेला. मिठाचा हंगाम ऐन भरात असतानाही आला. पाऊस सुरू झाला त्या सुमारास त्याचं औषध संपलं. बेडका स्वच्छ. मी त्याला म्हटलं, "आता गोळ्या नाहीत, पण चार महिने तपासायला येत जा." पुष्कळांना मी असं सांगायचे आणि फारच थोडे यायचे. तो आला. जूनपासून सप्टेंबरपर्यंत, दर महिन्याला.

पुढच्या उन्हाळ्यात तो परत आला तेव्हा मी त्याला ओळखलं नाही. गालफडं बसली होती. बायकोने दंडाला धरून बाकावर टेकवलं. पट्टी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली तर लाल काड्यांचे पुंजकेच्या पुंजके. मी त्याचं जुनं कार्ड काढलं आणि बाहेर गेले. सकाळपासूनची ती तेरावी पट्टी होती आणि आदल्या दिवशी मुलगी तापाने फणफणलेली. हे मी सबब म्हणून सांगत नाही. तसं होतं, एवढंच.

"गोळ्या कधी सोडल्यात?" मी विचारलं.

"नाय सोडल्या."

"दादा, पुरं औषध घेतलेल्या माणसाला इतक्या लवकर परत होत नाही."

"नाय सोडल्या, बाय. लघवी लाल व्हायची रोज. शेवटपर्यंत व्हायची."

"मग हे आलं कुठून?"

 खोकला आला म्हणून त्याने तोंडावर टॉवेल धरला. मी त्याच्या बायकोकडे वळले. "वहिनी, यांनी गोळ्या टाकल्यात. आता औषध जास्त कडक आहे, रोज इंजेक्शन आहे. तुम्ही स्वतः लक्ष ठेवा. यांच्या सांगण्यावर राहू नका."

ती नवऱ्याकडे बघत राहिली. मग एवढंच म्हणाली, "काय रं, मला तर सांगायचा." तो खाली बघत होता. मी आत गेले आणि चौदावी पट्टी घेतली.

दुसऱ्यांदा आलेल्या पेशंटचेही नमुने मॅडमना हवे असत, म्हणून त्याची आणखी एक बाटली मुंबईला गेली. त्याला पेणलाच एका डॉक्टरांकडे रोज इंजेक्शन चालू झालं. महिन्याच्या तपासणीला ती दोघं यायची. आता गोळ्यांची पिशवी बायकोच्या हातात असायची. ती मला रिकामी पाकिटं काढून दाखवायची, न विचारता. तो बाजूला उभा असायचा. मला ते योग्यच वाटायचं. एका घरात तरी आपलं सांगणं ऐकलं गेलं, असंही वाटलं असेल.

दिवाळीच्या आधी मॅडम आल्या त्या बाटल्या न काढता माझ्या टेबलापाशीच बसल्या. पिशवीतून त्यांनी एक्स-रेसारखी फिल्म काढली आणि खिडकीच्या उजेडात धरली. फिल्मवर उभे पट्टे होते, आणि प्रत्येक पट्ट्यात आडव्या काळ्या रेघा, शिडीच्या पायऱ्यांसारख्या.

"टीबीच्या जंतूत जनुकांचा एक तुकडा असतो, तो स्वतःच्या नकला करून इकडेतिकडे बसतो," त्या म्हणाल्या. "प्रत्येक वंशात त्या वेगवेगळ्या जागी. त्या जागा या रेघांनी कळतात. बोटाच्या ठशासारखं समजा. हा बघा त्या मिठागरवाल्यांचा पहिला नमुना."

त्या पट्ट्यात दोनच रेघा होत्या.

"आणि हा दुसरा."

दुसऱ्यात रेघाच रेघा. मी मोजल्या, अकरा भरल्या.

"ही दोन वेगळी माणसं आहेत," मी म्हटलं.

"मलाही तसंच वाटलं. म्हणून पुन्हा केलं. मग मूळ बाटलीतून वाढवून तिसऱ्यांदा केलं. तेच येतंय. ताई, लेबलात चूक झाली असेल का?"

मला त्या क्षणी मनापासून वाटलं की चूक माझीच निघावी. मी वही काढली. नंबर, तारीख, बाटली, सगळं जुळत होतं. अक्षर माझंच होतं. दोन्ही दिवशी मॅडमसाठी दुसरी कुठलीच बाटली भरली नव्हती.

"म्हणजे जुना जंतू परत उठला नाही," मॅडम म्हणाल्या. "जुना मेला होता. त्यांनी औषध घेतलं होतं, पूर्ण. हा नवा आहे. बाहेरून आलेला."

मी वही मिटून ठेवली. बाहेर कंपाउंडर कुणाला तरी मोठ्याने नंबर सांगत होता. 

त्यांचं सांगून संपलं नव्हतं. हीच अकरा रेघांची शिडी त्यांना आमच्याकडच्या आणखी चार पेशंटांत सापडली होती. चौघांचीही फुप्फुसं फार लवकर बिघडली होती. त्यातला सगळ्यात पहिला एक टेम्पो ड्रायव्हर होता. "ही माणसं कुठे भेटली असतील एकमेकांना? गावं तर वेगळी आहेत. एक तर पार जिते गावाच्या बाजूचा आहे."

ते शोधायचं काम माझं होतं, कारण हजेरीच्या वह्या माझ्याकडे होत्या. पुढचे आठ दिवस दुपारचा डबा खाऊन झाला की मी त्या वह्या उघडायचे. फार शोधावं लागलं नाही. ड्रायव्हरचं औषध आदल्या वर्षीच्या पावसाळ्यात सुरू झालं होतं आणि त्याचा दिवस मंगळवार होता. जून ते सप्टेंबर, मिठागरवाला तपासणीला आला त्या चारही मंगळवारी ड्रायव्हरची सही होती. बाकीच्या तिघांच्याही त्यातल्या काही दिवशी होत्या.

आमच्याकडे पेशंट व्हरांड्यात बसायचे. पण पावसात व्हरांडा भिजायचा, म्हणून त्या चार महिन्यांत मी सगळ्यांना आतल्या खोलीत बसवायचे. दोन बाकं आणि दोन खिडक्या. खिडक्यांतून पावसाची झड यायची आणि माझ्या तिथेच वाळत ठेवलेल्या पट्ट्या खराब व्हायच्या. खिडक्या मी लावून घ्यायचे. कुणी सांगितलं नव्हतं. मीच लावायचे, रोज सकाळी आल्या आल्या.

हे मी मॅडमना सांगितलं ते पेण स्टेशनवर. त्यांना पनवेलकडे जायचं होतं, मला रोह्याकडे, आणि दोन्ही गाड्या उशिरा होत्या. 

"याने सिद्ध काही होत नाही," त्या म्हणाल्या. "ते बाजारात भेटले असतील. ड्रायव्हरच्या टेम्पोत बसले असतील. ठसे जुळतात आणि तारखा जुळतात, एवढंच आपल्याला माहीत आहे."

"पण तुम्हाला काय वाटतं?"

"तुम्हाला वाटतं तेच वाटतं."

मग त्या मला त्यांच्या कामाचं सांगत बसल्या, बहुधा माझं मन दुसरीकडे वळावं म्हणून. त्याच वर्षी परदेशात टीबीच्या एका जंतूची सगळी जनुकं पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून झाली होती. चाळीस लाखांहून जास्त अक्षरं. मॅडमनी त्यातला काही भाग छापून आणला होता, कडेला भोकं असलेल्या लांबलचक कागदावर. वरच्या ओळीत त्या वाचलेल्या जंतूची अक्षरं, खालच्या ओळीत आमच्या अकरा रेघांच्या जंतूची. त्यांना जेमतेम दोन-तीन जागा वाचता आल्या होत्या. पानंच्या पानं सारखी, आणि मध्येच एखादं अक्षर निराळं. त्याला त्यांनी पेनाने गोल केला होता.

"एवढ्याने तो जहाल होतो?"

"माहीत नाही. कदाचित याने काहीच होत नसेल. उलटं मात्र थोडं कळलंय. आपण लहानपणी दंडावर लस घेतो ना, तोही याच घराण्यातला जंतू. प्रयोगशाळेत बाटलीतून बाटलीत वर्षानुवर्षं वाढवला. आयतं खायला मिळत होतं, कुणाशी झगडायचं नव्हतं. त्यात त्याच्या जनुकांचे तुकडेच गळून गेले आणि तो मवाळ झाला. तुलना केली तेव्हा कुठले गळले ते दिसलं. मग जहालपणा बहुतेक तिथेच कुठेतरी असणार."

मी विचारलं, "पण माणसाला मारून जंतूला मिळतं काय? माणूस गेला की तोही गेला."

"म्हणून तर सहसा तो घाई करत नाही. माणूस खोकत, हिंडत राहिला पाहिजे, म्हणजे तो दुसऱ्याकडे जाईल. विरळ वस्तीत जो जंतू पटकन मारतो त्याचा वंश तिथेच संपतो. पण माणसं खेटून बसलेली असतील, तर दुसरं माणूस हाताशीच असतं. मग घाई करणाराही टिकतो." त्या थांबल्या. "हा एक अंदाज आहे, ताई. मी खोलीबद्दल म्हणत नाही."

पण त्या खोलीबद्दलच बोलत होत्या आणि ते दोघींनाही कळलं होतं. माझी गाडी आधी आली. नागोठण्यापर्यंत उभं राहावं लागलं.

घरी नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "तू मुद्दाम केलंस का? मग सोड." त्याची नाईट संपून दुसरी शिफ्ट लागली होती आणि त्याला झोप अनावर झाली होती. मी आमच्या डॉक्टरांनाही सांगितलं. त्यांनी खिडक्यांचे गज बदलून बाहेरून पत्र्याची झडप लावून घेतली, म्हणजे पाऊस आत येणार नाही आणि खिडकी उघडी राहील. मंगळवारची गर्दीही आठवडाभर विभागली. "आणखी काय करणार?" ते म्हणाले. त्यांच्याकडे खरंच आणखी काही करण्यासारखं नव्हतं.

त्या माणसाला सांगायचं मात्र राहिलं. दर महिन्याला तो यायचा, बायको पाकिटं दाखवायची, आणि मी "ठीक आहे" म्हणून सही करायचे. सगळ्यांच्या समोर कसं सांगू, असं मी स्वतःला म्हणायचे. तसे दोन महिने काढले. मग एका शनिवारी अर्ध्या दिवसाची रजा टाकून त्यांच्या गावी गेले.

एसटी रस्त्याशी सोडते. तिथून बांधावरून चालत जावं लागतं, दोन्ही बाजूंना मिठागरं. नुकतंच पाणी घ्यायला सुरुवात झाली होती. घर सापडायला वेळ लागला नाही. तो ओटीवर बाजेवर बसला होता, जाळं विणत. बाजेशेजारी त्याचं ताट, तांब्या आणि घोंगडी वेगळी ठेवलेली होती. घरातल्या भांड्यांना त्याचा हात लागत नव्हता, हे बघितल्याबरोबर कळत होतं. बायको मागून मासळी धुवून आली. मला बघून घाबरलीच.

"काय झाला, ताई? रिपोर खराब हाय काय?"

"नाही वहिनी. रिपोर्ट चांगला आहे." मी बसले. घरून ठरवून आणलेलं सगळं विसरले होते. "मी तुम्हाला एक चुकीचं सांगितलं होतं. यांनी गोळ्या टाकल्या नव्हत्या. पहिल्या वेळच्या सगळ्या घेतल्या होत्या. मुंबईला तपासलं. हा आजार नवा लागलाय, दुसऱ्या माणसाकडून. बहुतेक आमच्या दवाखान्यातच. पावसाळ्यात खिडक्या बंद असायच्या, त्या मी बंद केल्या होत्या."

 त्याने जाळ्याची गाठ मारून पुरी केली.

"मी तर तेच बोलत होतो," तो म्हणाला.

"हो."

बायको उंबऱ्यापाशी उभी होती, हातात तशीच मासळीची टोपली. "तुम्हीच सांगितलात ना मला," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "यांच्या सांगण्यावर राहू नका म्हणून. मी यांचे खिसे बघितले. आईशीला बोलवून आणली. पोरीच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घ्यायला लावली, तरी नाय ऐकला मी यांचा. गावात सगळी बोलतात, यानं दारूपायी गोळ्या विकून खाल्ल्या. मी पण बोलले. मग मी कुणाचा ऐकायचा व्हता, ताई?"

 माझं चुकलं, असं मी म्हटलं. तिने टोपली खाली ठेवली आणि आत गेली. थोड्या वेळाने चुलीचा धूर आला.

"तिच्यावर नका जाऊ," तो हळू म्हणाला. "लय राबली ती या वर्षात. मिठागरावर माझ्या जागी तीच जाते." मग विचारलं, "तो दुसरा माणूस, ज्याचा मला लागला, तो कसा हाय?"

ड्रायव्हर श्रावणातच गेला होता. ते मी सांगितलं.

"पोरंबाळं व्हती?"

"दोन."

त्याने मान हलवली आणि पुन्हा जाळं हातात घेतलं. "खिडकीचा कोण ध्यानात ठेवतो," असं काहीसं तो पुटपुटला. माझी समजूत घालत होता की नुसतंच म्हणत होता, कळलं नाही. बायकोने कोरा चहा आणून दिला. मला कपात आणि त्याला त्याच्या वेगळ्या ग्लासात. मी चहा घेतला आणि निघाले. ती बांधापर्यंत सोडायला आली नाही. मला तशी अपेक्षाही नव्हती.

तो बरा झाला. बरा म्हणजे बेडका स्वच्छ झाला. डावं फुप्फुस जवळजवळ गेलं होतं, दहा पावलं चाललं की धाप लागायची. मिठागर सुटलं ते सुटलंच. शेवटच्या तपासणीला बायको आली नाही, पाकिटं त्याने स्वतःच टेबलावर ठेवली. मी म्हटलं, "ती दाखवायची गरज नाही." तरी त्याने सगळी मांडली.

मॅडमना पदवी मिळाली. त्यांचा लेख छापून आला तेव्हा त्यांनी मला एक प्रत पाठवली. इंग्रजी माझं बेताचं, शब्दकोश घेऊन बसले तरी अर्ध्याहून जास्त डोक्यावरून गेलं. शेवटी मदतीबद्दल आभार होते, त्यात दवाखान्यातले कर्मचारी असा उल्लेख होता. आमच्या जंतूत इतका जहालपणा कशाने आला, याचं उत्तर त्यात नव्हतं. गोल केलेल्या त्या अक्षरांतलं एक कदाचित महत्त्वाचं असेल, आणखी तपासायला हवं, असं लिहिलं होतं. सोबतच्या चिठ्ठीत त्यांनी लिहिलं होतं की पुढचं काम दुसरं कुणी करेल, त्यांना दिल्लीकडे नोकरी लागली आहे.

मी त्या लेखात मिठागरवाल्याला शोधलं. तो एका तक्त्यात सापडला. पेशंट क्रमांक, वय, पुरुष, पहिला नमुना, दुसरा नमुना, आणि पुढच्या रकान्यात दोन शब्द: नवा संसर्ग. शब्दकोशात बघावे लागले नाहीत. प्रत घडी करून मी पर्समध्ये ठेवली. बाहेर कंपाउंडरने पुढचा नंबर पुकारला होता आणि डबी घेऊन कुणीतरी दारात येऊन उभं होतं. मी त्यांना बसायला सांगितलं आणि दिवा पेटवला.